चांदव्याचा चौदावा फोटो

"आधी वाईट सांगा."

एक पाय दुकानाच्या पायरीवर आणि दुसरा अजून रस्त्यावर असतानाच काका हे म्हणायचे. मग आत येऊन दोन्ही तळहात काउंटरच्या काचेवर पालथे ठेवायचे आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. रक्ताचा रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस बघतो, तसे. रिपोर्ट असायचा फुलपाखरांचा.

शनिवार पेठेत माझी कलर लॅब होती. ज्या वर्षांत पुण्यात घरोघरी कॅमेरा आला, पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली आणि अमेरिकेला निघालेल्या भाच्याला निरोप देताना अख्खं घराणं फोटोत उभं राहायला लागलं, त्या वर्षांत लॅब जोरात चालली. लग्न, मुंज, बारसं, सिंहगडावरचं पिठलं, सगळं माझ्या यंत्रातून जायचं. या गर्दीत हे एकच गिऱ्हाईक असं, की ज्यांच्या छत्तीस फोटोंत एकही माणूस नसायचा. खरं सांगायचं तर फुलपाखरूही बहुतेक वेळा नसायचं. हिरव्यावर एक पिवळा फरकाटा, कोपऱ्यात अर्धा पंख, नाहीतर नुसतंच आकाश.

"काका, बसलेल्या फुलपाखराचा का नाही काढत?" मी एकदा विचारलं.

"तो पासपोर्ट फोटो झाला. तो तुम्ही काढता की."

तुम्ही पुण्यात राहिला असाल, तर असल्या उत्तरानं दुखावून घ्यायचं नसतं हे तुम्हाला ठाऊक असेल.

काका पिंपरीकडच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होते. यंत्रावरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि चुकला असेल तर लाल फुली मारायची. पुढे नवी यंत्रं आली, ती स्वतःच मोजायला लागली आणि कारखान्यानं काकांना मुदतीआधी घरी जायची विनंती केली. काका घरी आले, पण फुली सुटली नाही. माझ्या काउंटरवरची लाल पेन्सिल ते मागून घ्यायचे आणि एकेका फोटोवर फुली मारत जायचे. "हलला, रिजेक्ट. अर्धाच आला, रिजेक्ट. हा तर माझा अंगठा." छत्तीस फुल्या झाल्या की गठ्ठा मलाच ठेवायला द्यायचे.

घरी न नेण्याला कारण होतं. काकांना हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता. वजन उचलायचं नाही, उन्हात हिंडायचं नाही आणि दम कोंडून धरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आता उडत्या फुलपाखराचा फोटो काढायचा म्हणजे नेमकं हेच तीन उद्योग करावे लागतात. काकांची लेन्स चारशे मिलिमीटरची होती, कोपरापासून बोटांपर्यंत लांब आणि चांगली जड. मी तिला तोफ म्हणायचो. मुलगा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होता. त्यानं आणि काकूंनी मिळून ती विकून टाकायचं वचन काकांकडून घेतलं. काकांनी ते ताबडतोब दिलं आणि दुसऱ्या दिवशी तोफ, कॅमेरा, तिवई असं सगळं एका पत्र्याच्या पेटीत घालून माझ्या काउंटरखाली आणून ठेवलं.

"विकली असं सांगितलंय. महिनाभर राहू द्या."

ती पेटी माझ्याकडे सहा वर्षं राहिली.

रविवारी सकाळी काका घरून भजनी मंडळाला म्हणून निघायचे. हातात झांजांची पिशवी असायची. माझ्याकडे यायचं, पिशवी काउंटरखाली ठेवायची, पेटी उचलायची आणि मांजरी गावाची बस गाठायची. तिकडे उसाच्या शेतांमधून जाणाऱ्या कालव्याच्या कडेला त्यांची एक जागा होती. खिशात दोन डब्या असायच्या. रोलच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्या मीच दिलेल्या. एकीत रोल आणि दुसरीत जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. निघताना दोन्ही कानाशी धरून हलवायचे. वाजली ती गोळ्यांची. हे दर रविवारी बघूनही ऐन वेळी हा माणूस जिभेखाली रोल ठेवेल अशी मला खातरी वाटायची.

आणि ते पाकीट. पहिल्याच रविवारी काकांनी एक चिकटवलेलं पाकीट माझ्या हातात दिलं होतं. वर लिहिलं होतं, 'दुपारी बारानंतर उघडावे.'

"बारापर्यंत मी परत येतो. नाही आलो, तर उघडा."

तेव्हापासून माझ्या रविवारांची वाट लागली. साडेदहाला मी पहिल्यांदा घड्याळ बघायचो. अकरानंतर गिऱ्हाइकांना उलटसुलट फोटो द्यायचो. एकदा एका जोशींच्या मुंजीत मी एका कुलकर्ण्यांचं डोहाळजेवण घातलं. पावणेबाराच्या सुमाराला पायरीवर पाय वाजला की जीवात जीव यायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच जीव टांगणीला. मी त्यांना सरळ नाही का म्हणालो नाही, असं तुम्ही विचाराल. पेटी उचलताना त्या माणसाचा चेहरा बघितला असतात, तर तुम्हीही म्हणाला नसतात.

एका रविवारी बारा वाजले आणि काका आले नाहीत. सव्वाबाराला मी पाकीट फोडलं. आत रेघांच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

'१. घाबरू नये. २. दुसरे घड्याळ बघावे. तुमचे पाच मिनिटे पुढे आहे. ३. कालव्याकाठी रुईच्या झुडपाशी शोधावे. ४. लेन्स उन्हात राहू देऊ नये. ५. घरी सांगताना भजन म्हणता म्हणता झाले असे सांगावे.'

पाचवा मुद्दा मी तीनदा वाचला. डोळे भरून आले आणि त्याच वेळी रागही आला. दुकान तसंच टाकून मी रस्त्यावर आलो, तर समोरून काका पेटी घेऊन येत होते. बस हडपसरला बंद पडली होती.

"उघडलंत?"

"उघडलं."

"म्हणजे आता नवीन पाकीट आणावं लागणार," काका म्हणाले आणि झांजा घेऊन घरी गेले. पुढच्या रविवारी नवीन पाकीट आणलंही.

एवढी धडपड कशासाठी, तर चांदव्यासाठी. चांदवा हे एक काळं फुलपाखरू आहे. पंखांवर पांढरे ठिपके असतात आणि ऊन एका विशिष्ट बाजूनं पडलं तर त्या ठिपक्यांभोवती जांभळं वलय दिसतं. पंख जरा कलला की वलय गेलं. यातला नर मोठा पहारेकरी असतो. एक काडी ठरवतो, तिच्यावर बसतो, कुणी हद्दीत आलं की त्याला हाकलून लावतो आणि परत त्याच काडीवर येतो. काकांना तो परत येतानाचा फोटो हवा होता, वलयासकट, न हललेला. "एक पास झाला की पेटी खरोखर विकतो," ते म्हणायचे. त्यामुळे तो फोटो लवकर मिळावा म्हणून माझ्याइतके नवस कुणी बोललं नसेल.

त्यांची पद्धत त्यांनी मला काउंटरवर समजावून दिली होती. लांब लेन्समधून उडत्या फुलपाखराच्या मागे धावायचं नाही. त्यात जेमतेम चार बोटं रुंदीचा पट्टा स्पष्ट दिसतो, बाकी सगळं धुकं. म्हणून त्याची काडी शोधायची, काडीच्या अलीकडे जमिनीलगत दोन खुंट्यांना काळा दोरा बांधायचा, लेन्स त्या दोऱ्यावर बेतून ठेवायची आणि वाट बघायची. फुलपाखरू दोऱ्यावर आलं की बटण दाबायचं.

"आलं की नाही," काका बोट वर करून म्हणायचे. "यायच्या आधी. दिसलं म्हणजे गेलं. बटण दाबलं की आतला आरसा वर उडतो आणि डोळ्यापुढे अंधार येतो. फोटो निघतो तो त्या अंधारात. म्हणून दोऱ्यावर फुलपाखरू दिसलं, तर समजायचं की चुकलं. नुसता अंधार दिसला, तर आशा ठेवायची."

ज्या माणसानं आयुष्यभर डोळ्यांनी बघून माल पास केला, त्याच्या तोंडी हे ऐकून मला गंमत वाटायची.

मग डॉक्टरांनी बायपास सांगितली. मंगळवारची तारीख ठरली. त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी काका दारात उभे. चेहरा पांढरा पडलेला, ओठ कोरडे. मला वाटलं, पेटी कायमची न्यायला आलेत.

"आजचा एकच," ते म्हणाले.

मी शटर ओढून घेतलं आणि पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली. बसमध्ये काका माझ्या शेजारी बसून दर स्टॉपला खिशातली डबी कानाशी नेत होते. मीही मनातल्या मनात जवळचे दवाखाने मोजत होतो.

मांजरीला पोचलो तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. रुईच्या झुडपाशी काकांनी दोरा बांधला. खुंटी ठोकताना त्यांना दम लागला म्हणून दुसरी मी ठोकली. बांधावरून एक शेतकरी आमच्याकडे बघत होता.

"सायबांचं अजून न्हाई का घावलं?" त्यानं मला विचारलं.

"नाही अजून."

"आमच्या कोबीवर ढीगभर हायेत की. न्या की चार." मग जरा थांबून म्हणाला, "पर उरकून घ्या म्हणावं. म्होरल्या साली हितं बिल्डिंगी हायेत."

काकांनी ऐकलं, पण मान वळवली नाही. त्यांनी रोल काढला. पण बोटं इतकी थरथरत होती की रोलचं टोक कॅमेऱ्यातल्या फटीत जाईना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. "तुम्ही भरा. तुमचा हात रोजचा आहे."

रोल भरला की झाकण लावून एकदा पुढे सरकवायचा आणि गुंडाळायची चावी उलटी फिरते का ते बघायचं. फिरली म्हणजे रोल पकडला. हे काका दर वेळी बघायचे, आणि मी तर हे नवशिक्यांना शिकवत आलो होतो. त्या सकाळी मी झाकण लावत होतो आणि तेवढ्यात चांदवा येऊन काडीवर बसला. "द्या, द्या," काका कुजबुजले. मी दिला.

पुढचा अर्धा तास मी त्यांच्या पाठीकडे बघत बसलो. श्वास कोंडला की पाठ ताठ व्हायची, सोडला की सैल पडायची. मी त्यांच्याबरोबर श्वास मोजत होतो. चांदवा उठायचा, एखाद्या भुंग्याला पिटाळायचा, परत यायचा. खटक. पुन्हा उठायचा. खटक. मग एकदा बराच वेळ पाठ ताठच राहिली. मी उठून त्यांच्याकडे निघालो, आणि तेव्हाच बटण वाजलं.

काका वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"चौदावा," ते म्हणाले. "दिसला नाही हो. अजिबात दिसला नाही. नुसता अंधार."

त्यानंतर त्यांनी एकही फोटो काढला नाही. मला रिक्षा करायला लावली, पेटी दुकानात ठेवली आणि जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "मंगळवारी अकराला आत नेणार आहेत. त्याच्या आधी कळवा."

ते गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रोल गुंडाळायला घेतला. चावीचे दोन वेढे झाले आणि ती सैल पडली. चौदा फोटो ओढलेला रोल दोन वेढ्यांत सैल पडत नाही. काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं. टोक पकडलंच नव्हतं. कॅमेऱ्याचा आकडा पुढे सरकत होता आणि रोल जागच्या जागी बसून होता. तरी मी तो रोल यंत्राला लावला. पंधरा वर्षांचा अनुभव एका बाजूला आणि वेडी आशा एका बाजूला. बाहेर आली ती कोरी, तांबूस पट्टी. कडेला फक्त कंपनीनं छापलेले आकडे. सवयीनं मी तिचे सहा-सहाचे तुकडे केले. चौदा आकड्याखाली काहीही नव्हतं.

सोमवार मी कसा काढला ते विचारू नका. मंगळवारी सकाळी नऊ वाजता एक बाई पायरी चढून आल्या. नेसूची साधी साडी, हातात थर्मास. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं, मी लगेच ओळखलं.

"भजनी मंडळ इथेच बसतं का?" काकूंनी विचारलं.

मी मान खाली घातली. काकांनी आदल्या रात्री त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. काकूंनी वाकून काउंटरखालची पेटी बघितली, तिच्याशेजारी राहून गेलेल्या झांजाही बघितल्या, आणि माझ्यावर ओरडायला हवं होतं तेवढ्या ओरडल्या नाहीत.

"दोन तासांनी आत नेतील. त्यांनी विचारलंय, चौदावा कसा आला?"

दुकानात यंत्राची घरघर चालू होती. ती काकूंनाही ऐकू येत असणार.

"यंत्र बिघडलंय," मी म्हणालो. "रोल सुरक्षित आहे म्हणावं. ते बरे होऊन आले की त्यांच्यासमोरच धुऊ."

काकूंनी चालू यंत्राकडे एकदा बघितलं. मग माझ्याकडे. "तसंच सांगते," म्हणाल्या आणि गेल्या.

तो दिवस आणि त्यापुढचे आठ दिवस मला एकच भीती होती. तो माणूस गेला तर माझं खोटं घेऊन जाईल, आणि वाचला तर मला ते त्याच्यासमोर उघडं करावं लागेल. कुठली भीती मोठी, हे मला आजही सांगता येत नाही.

काका वाचले. अडीच महिन्यांनी, निम्मे झालेले, काकूंच्या हाताचा आधार घेऊन आले. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर.

"आधी वाईट सांगा."

त्या दिवशी चांगलं काही नव्हतंच. मी पट्ट्यांचं पाकीट काचेवर ठेवलं. काकांनी चौदा आकड्याची पट्टी काढून उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"चावी बघितली नव्हती?"

"नाही."

"मीही नाही विचारलं," ते म्हणाले. पुन्हा पट्टी उजेडाकडे धरली, तपासनिसाच्या नजरेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत. "एकही हललेला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच सगळा लॉट पास."

मी रडलो. गिऱ्हाइकासमोर रडलेला शनिवार पेठेतला मी पहिलाच दुकानदार असेन. काकांनी लाल पेन्सिल मागितली नाही. ती एक पट्टी तेवढी शर्टाच्या खिशात ठेवली, आणि दुसऱ्या पाकिटाची आठवण करून ते न उघडलेलं परत घेतलं. "आता ही बरोबर असते," काकूंकडे बघून म्हणाले.

पेटी घरी गेली. पुढे काकू तिवई उचलायच्या आणि काका मागून नुसते यायचे. मांजरीच्या जागेवर खरंच बिल्डिंगी आल्या. मग चांदव्याच्या अळीला घोळाची भाजी आवडते असं कळल्यावर काकूंनी बाल्कनीत कुंड्यांतून घोळ लावली आणि कुणालाही ती शिजवू दिली नाही. काका कठड्यावर तोफ टेकवून बसायचे. समोरच्या इमारतीतून तक्रार आली, तेव्हा तिथल्यांना सांगून-सवरून तोफेचं तोंड खाली कुंड्यांकडे वळवलं. मुलानं डिजिटल कॅमेरा आणून दिला. तो त्यांनी दोन दिवसांत परत केला. "त्यात लगेच दिसतं. मग काळजी करायची कधी?"

चांदवा बाल्कनीत तीनदा आला, असं काकू सांगायच्या. तिन्ही वेळा फुल्या पडल्या.

लॅब तोवर उतरणीला लागली होती. यंत्र मी आठवड्यातून एकदा चालवायचो. अशाच एका दिवशी काकू एकट्या आल्या. पायरीवरच थांबल्या.

"आधी वाईट सांगते," म्हणाल्या.

दुपारी जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. काकूंनी पर्समधून एक पट्टी काढली. कडा घासल्या होत्या, घामाचे डाग होते, पण आकडे वाचता येत होते.

"चौदावा काढून द्या."

"काकू, यात काही नाही. माझ्या चुकीनं..."

"माहीत आहे. काढून द्या."

कोरी पट्टी छापली की कागद काळा येतो. यंत्र ते मान्य करत नाही, त्यात काहीतरी शोधत राहतं आणि करडा रंग देतं. मी बटणं हातानं लावली. दोन प्रती फुकट गेल्या. तिसरी पूर्ण काळी आली, गुळगुळीत, कुठेही डाग नसलेली. ती मी काकूंपुढे काचेवर ठेवली. त्यांनी दोन्ही तळहात तिच्या दोन बाजूंना पालथे ठेवले आणि बघत राहिल्या.

"त्यांना त्या वेळी असंच दिसलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो. "अगदी असंच."

"मग पास," काकू म्हणाल्या. फोटो त्यांनी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला आणि सावकाश पायरी उतरल्या.

लॅब आता नाही. तिथलं घड्याळ मी घरी आणलंय, ते अजून पाच मिनिटं पुढेच आहे. रविवारी त्यात बारा वाजले की मी आधी दाराकडे बघतो, मग दुसऱ्या घड्याळाकडे.